फॉलिक अ‍ॅसिड: कधीपासून, किती आणि कुठवर?

पालवी

आम्ही काही महिन्यांनी चान्स घ्यायचं ठरवतोय. फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून घ्यायला हवं हे सगळेच सांगतात, पण तपशिलात शिरलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं. म्हणून सुटं सुटं करून विचारते.

१. किती आधीपासून? कुणी एक महिना म्हणतं, कुणी तीन. पाळी चुकल्यावर सुरू केलं तर खरंच उशीर होतो का?
२. एका पाकिटावर ४०० मायक्रोग्रॅम आहे, दुसऱ्यावर ५ मिलिग्रॅम. दोन्ही फॉलिक अ‍ॅसिडच. मग एवढा फरक कसा?
३. रोज डाळ आणि पालेभाजी पोटात जात असेल तर गोळी लागतेच का?
४. मी मांस-अंडी खात नाही आणि सकाळी थायरॉईडची गोळी घेते. त्यामुळे काही बदलतं का?
५. "साधं फॉलिक अ‍ॅसिड अंगी लागत नाही, मिथाइलफोलेटच घ्या" असं सारखं वाचनात येतंय. त्यात तथ्य किती?

आकड्यांसकट उत्तरं मिळाली तर फार बरं होईल.

निशिगंध

पालवी, पहिल्या प्रश्नासाठी कॅलेंडरच समोर घ्या. पाळी २८ दिवसांची धरू आणि पाळीचा पहिला दिवस म्हणजे दिवस १. साधारण १४व्या दिवशी बीज सुटतं, त्याच सुमारास गर्भ राहतो. पुढची पाळी २९व्या दिवशी यायची. ती आली नाही म्हणून लगेच दोन-तीन दिवसांत घरी टेस्ट केली, तर कळायला ३१-३२वा दिवस उजाडतो. पाळी मुळात अनियमित असेल तर त्यावर आणखी आठ-दहा दिवस सहज जातात.

आता ही गोळी ज्या दोषांपासून वाचवते, त्यांचं आतलं वेळापत्रक बघा. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात ती न्यूरल ट्यूब सुरुवातीला नळी नसतेच, एक सपाट पट्टी असते. गर्भ राहिल्यापासून तीन आठवड्यांच्या सुमारास तिच्या कडा वर उचलल्या जातात आणि मानेच्या भागापासून जुळायला लागतात. तिथून जुळणी दोन्ही दिशांना सरकते. डोक्याकडचं टोक २५व्या दिवसाच्या आसपास बंद होतं, कमरेकडचं २७-२८व्या दिवशी. हे दिवस गर्भ राहिल्यापासूनचे. पाळीच्या हिशेबात मांडले तर ३९ ते ४२. डोक्याकडचं टोक उघडं राहिलं तर अ‍ॅनेन्सेफली होते, त्यात बाळ जगत नाही. खालचा भाग उघडा राहिला तर स्पायना बायफिडा. आणि एकदा ही वेळ टळली की नंतर कितीही गोळ्या घेतल्या तरी उघडं राहिलेलं बंद होत नाही.

म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी गोळी सुरू केली तरी हातात जेमतेम आठवडा-दहा दिवस उरतात. अंगातला साठा तेवढ्यात भरत नाही. फोलेट हे जीवनसत्त्व आहे आणि फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचं गोळीतलं रूप. तांबड्या पेशी बनत असतानाच आपल्यात फोलेट भरून घेतात आणि त्या साधारण १२० दिवस जगतात. जुन्या पेशी जाऊन त्यांच्या जागी भरलेल्या पेशी यायला वेळ लागतो, त्यामुळे रोज ४०० मायक्रोग्रॅम घेतलं तरी रक्तातली पातळी कित्येक आठवडे हळूहळू चढत राहते. म्हणून एक महिना हा किमान समजा, दोन-तीन महिने मिळाले तर उत्तम. व्यवहारात सोपा क्रम असा: आधी गोळी सुरू करा, मग गर्भनिरोधक बंद करा. पुढे गरोदरपणाचे १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज चालू ठेवा.

पुराव्याबद्दल थोडं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. आधीच्या बाळात न्यूरल ट्यूबचा दोष होता अशा स्त्रियांना त्यात ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं, आणि दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. निकाल इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या मुदतीआधीच थांबवला. चीनमध्ये नंतर नुसतं ४०० मायक्रोग्रॅम देऊन मोठी पाहणी झाली. जिथे हा दोष मुळात जास्त आढळायचा त्या उत्तर भागात घट ७९ टक्के दिसली, दक्षिणेत ४१ टक्के. दोष शून्यावर कुठेच आला नाही. काही दोष जनुकीय कारणांनी होतात, काही अनियंत्रित मधुमेहामुळे किंवा औषधांमुळे. म्हणून गोळी नियमित घेतली असली तरी १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवायची नाही.

गोळीपेटी

दुसरा प्रश्न माझ्या कामातला. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

१ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. म्हणजे ०.४ मिलिग्रॅम आणि ४०० मायक्रोग्रॅम एकच, आणि ५ मिलिग्रॅमची गोळी त्याच्या साडेबारा पट. पाकिटावर "५" एवढाच आकडा ठळक दिसतो, शेजारचं एकक बारीक अक्षरात असतं. नुसता आकडा पाहून "५ म्हणजे ४००पेक्षा कमीच की" असं वाटणारे कमी नाहीत. मायक्रोग्रॅम कधी एमसीजी तर कधी यूजी असं छापतात, तेही डोळ्यांत ठेवा.

४०० मायक्रोग्रॅम हा डोस विशेष धोका नसलेल्या स्त्रीसाठी. ४ किंवा ५ मिलिग्रॅम हा औषधाचा डोस आहे. तो पुढच्यांपैकी काही असेल तर डॉक्टर लिहून देतात: आधीच्या गरोदरपणात न्यूरल ट्यूबचा दोष आढळला असणं, नवरा-बायकोपैकी कुणाला स्वतःला किंवा त्यांच्या घराण्यात तो दोष असणं, टाइप १ किंवा टाइप २ मधुमेह, फिट्सची औषधं चालू असणं, सिकल सेल किंवा थॅलेसेमिया, आतड्यातून शोषण कमी होणारा सीलिअ‍ॅकसारखा आजार. काही मार्गदर्शिका बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ३०च्या वर असेल तरी मोठा डोस सुचवतात. यातलं काही लागू असेल तर गोळी बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला, आणि हे चान्स घेण्याआधी. सात-आठ आठवडे झाल्यावर विचारायला येणाऱ्यांना त्याचा मुख्य फायदा मिळायची वेळ निघून गेलेली असते.

दोन गोष्टी मुळीच करू नका. पहिली: ५ मिलिग्रॅमच्या गोळीचे तुकडे करून ४००चा डोस साधणं. बारा सारखे तुकडे हाताने होत नाहीत, एखाद्या तुकड्यात तिप्पट येतं आणि एखाद्यात जवळपास काहीच नाही. दुसरी: मोठा डोस हवा म्हणून मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या वाढवणं. त्यात जीवनसत्त्व अ असू शकतं. रेटिनॉलच्या रूपातलं जीवनसत्त्व अ दिवसाला ३००० मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे १०,००० आययूच्या वर गेलं तर ते गर्भालाच घातक ठरू शकतं. मोठा डोस हवा असेल तर नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळी घ्यायची.

उलटा घोळही तितकाच होतो. एक नुसती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, एक "गरोदरपणासाठी" असं लिहिलेली मल्टिव्हिटॅमिन आणि वर लोहाची एकत्र गोळी, अशा तिन्ही चालू असतात आणि फॉलिक अ‍ॅसिड तिन्हींत असतं. प्रत्येक पाकिटामागची घटकांची यादी काढा, फॉलिक अ‍ॅसिडपुढचे आकडे एकाच एककात लिहा आणि बेरीज करा. डॉक्टरांनी मोठा डोस सांगितला नसेल तर गोळ्यांमधून आणि फॉलिक अ‍ॅसिड मिसळलेल्या पदार्थांतून मिळून दिवसाचा आकडा १००० मायक्रोग्रॅमच्या आत हवा.

थायरॉईडबद्दल: नुसतं फॉलिक अ‍ॅसिड थायरॉईडच्या गोळीच्या आड येत नाही. आड येतात लोह आणि कॅल्शियम. ती थायरॉईडची गोळी पोटातच बांधून ठेवतात, ती रक्तात नीट उतरत नाही. त्यामुळे लोह-फॉलिक एकत्र असलेली गोळी असेल तर दोन्हींत किमान चार तासांचं अंतर ठेवा. थायरॉईड सकाळी उपाशीपोटी आणि ही गोळी दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर, असं जमवता येतं. गरोदरपणात थायरॉईडचा डोस बहुधा वाढवावा लागतो, म्हणून दिवस राहिल्याचं कळताच ती तपासणीही करून घ्या.

गोळी चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीची एकच घ्या, दोन नकोत. एका दिवसाने साठा रिकामा होत नाही. मात्र आठवड्यातून तीन-चार दिवस चुकत असेल तर पातळी चढतच नाही. दात घासायच्या ब्रशशेजारी स्ट्रिप ठेवली तर आठवण राहते, फक्त बाथरूमच्या दमट हवेत नको, बाहेर ठेवा.

सदाफुली

फॉलिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळणारं आहे ना? जास्तीचं लघवीतून निघून जातं. मग डोसाची चर्चा करत बसण्यापेक्षा सगळ्यांनी ५ मिलिग्रॅमच का घेऊ नये? कितीतरी ठिकाणी सरसकट तेच देतात.

निशिगंध

सदाफुली, ५ मिलिग्रॅमने विषबाधा होत नाही, एवढं तुमचं बरोबर. अडचण बी१२ची आहे, आणि पालवी मांस-अंडी खात नाही म्हणून ती इथे जास्तच लागू पडते.

बी१२ची कमतरता असली की दोन गोष्टी बिघडतात. तांबड्या पेशी मोठ्या आणि कमी होतात, म्हणजे अ‍ॅनिमिया. आणि नसांवरचं आवरण झिजतं, म्हणजे हातापायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं. मोठ्या डोसातलं फॉलिक अ‍ॅसिड पहिली गोष्ट दुरुस्त करतं, दुसरी करत नाही. हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं, पेशींचा आकारही ठीक येतो, रिपोर्ट बघून सगळे निर्धास्त होतात आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. १००० मायक्रोग्रॅमची मर्यादा मुख्यतः याच कारणाने ठरवलेली आहे.

त्यातून ज्या स्त्रीला विशेष धोका नाही तिला ४००ऐवजी ५००० घेऊन जास्त संरक्षण मिळतं असं सिद्ध झालेलं नाही. सगळ्यांना एकच गोळी देणं देणाऱ्याला सोयीचं जातं, पण डोस त्या सोयीवरून ठरवू नये.

पालवी, तुम्ही चान्स घेण्याआधीच हिमोग्लोबिनबरोबर बी१२ तपासून घ्या. गरोदरपणातली बी१२ची रोजची गरज २.६ मायक्रोग्रॅम आहे. शाकाहारात ती दूध-दह्यातून थोडीफार भागते. दूधही घेत नसाल तर बी१२ वेगळं घ्यावंच लागेल. कमी निघालं तर भरून काढायचा डोस यापेक्षा खूप मोठा असतो, तो डॉक्टर ठरवतील. फॉलिक अ‍ॅसिड त्यासाठी थांबवायचं नाही, दोन्ही बरोबर चालतात.

हिरवी_परडी

तिसऱ्या प्रश्नावर आहाराच्या बाजूने लिहिते. डाळ-पालेभाजी खाणं चांगलंच, पण या विशिष्ट कामासाठी ते एकटं पुरत नाही, आणि त्याचं कारण हिशेबात आहे.

शिजवलेल्या मसुराच्या अर्ध्या कपात साधारण १८० मायक्रोग्रॅम फोलेट असतं, शिजवलेल्या हरभऱ्याच्या अर्ध्या कपात १४०, शिजवलेल्या पालकाच्या अर्ध्या कपात १३०, चवळीच्या १०५. संत्र्यात तीस-चाळीस, केळ्यात पंचवीसच्या आसपास. बेरीज करताना आकडे छान दिसतात. पण अन्नातलं नैसर्गिक फोलेट साधारण निम्मंच अंगी लागतं, तर जेवणाबरोबर घेतलेल्या गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड सुमारे ८५ टक्के. म्हणून आहारशास्त्रात तुलना करताना गोळीतला १ मायक्रोग्रॅम अन्नातल्या १.७ मायक्रोग्रॅमच्या बरोबरीचा धरतात. या हिशेबाने ४००ची एक गोळी म्हणजे अन्नातलं ६८० मायक्रोग्रॅम. तेवढं रोज, एकही दिवस न चुकता, नेहमीच्या जेवणाच्या वर खायचं म्हटलं तर कठीण आहे. गरोदरपणाची एकूण शिफारस याच मापात ६०० आहे. ती गोळी आणि जेवण मिळून आरामात पूर्ण होते.

शिवाय फोलेट पाण्यात उतरतं आणि उष्णतेने मोडतं. पालक भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिलं की साधारण निम्मं फोलेट त्या पाण्याबरोबर जातं. तोच पालक थोडा वेळ वाफवला तर जवळजवळ सगळं राहतं. भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात भिजत ठेवू नका. डाळ ज्या पाण्यात शिजवली तेच पाणी वरणात राहू द्या. शिजलेलं अन्न पुन्हा पुन्हा गरम करणंही टाळा.

मांसाहारी वाचकांसाठी एक: यकृतात म्हणजे लिव्हरमध्ये फोलेट भरपूर असतं म्हणून ते सुचवलं जातं. गरोदरपणात आणि त्याआधीच्या तयारीत ते नको. वर गोळीपेटी यांनी सांगितलेलं जीवनसत्त्व अ त्यात अतिशय जास्त असतं.

काही देशांत पिठातच फॉलिक अ‍ॅसिड मिसळतात. अमेरिकेत १९९८पासून ते सक्तीचं आहे, १०० ग्रॅम धान्यपदार्थात १४० मायक्रोग्रॅम. असं पीठ मिळत असेल तर पाया चांगला मिळतो, तरी बाळाची तयारी करणाऱ्यांनी गोळी घ्यायची असते. आणि दारू फोलेटचं शोषण बिघडवते, ती तशीही या काळात बंदच हवी.

पालवी

आकडे बघून आता नीट उलगडा झाला. मिथाइलफोलेटचं राहिलं. एमटीएचएफआरची तपासणी करून मगच गोळी निवडा, असा सल्ला मिळालाय.

गोळीपेटी

ती तपासणी यासाठी लागत नाही.

एमटीएचएफआर या जनुकाचा एक सर्वसामान्य प्रकार असा आहे की त्यात फोलेटचं शरीरात मिथाइलफोलेटमध्ये होणारं शेवटचं रूपांतर थोडं मंद होतं. यावरून "अशा लोकांना फॉलिक अ‍ॅसिड पचतच नाही" असा निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. हा प्रकार आई आणि वडील दोघांकडून आलेल्या स्त्रियांमध्येही तेवढंच फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यावर रक्तातलं फोलेट इतरांपेक्षा साधारण १६ टक्क्यांनीच कमी आढळतं. म्हणजे पातळी चढते, फक्त जरा कमी. जनुक कुठलंही असलं तरी रोज ४०० मायक्रोग्रॅमचा फायदा मिळतोच.

मिथाइलफोलेटने रक्तातली पातळी वाढते हे खरं. पण न्यूरल ट्यूबचे दोष कमी झाल्याचं ज्या अभ्यासांत दिसलं, निशिगंध यांनी वर दिलेले धरून, त्या सगळ्यांत फॉलिक अ‍ॅसिडच वापरलं होतं. मिथाइलफोलेटसाठी तसा पुरावा नाही. जिथे बाळाच्या मणक्याचा प्रश्न आहे तिथे सिद्ध झालेली गोळी घ्यावी, असं मला ठामपणे वाटतं. फॉलिक अ‍ॅसिड स्थिरही जास्त असतं, स्ट्रिपवरच्या तारखेपर्यंत त्याचा गुण टिकतो.

मोरपीस

दोन प्रश्न. दिवस राहिल्याचं सातव्या आठवड्यात कळलं आणि तोवर काहीच घेतलं नसेल तर आता सुरू करण्यात अर्थ आहे का? आणि माझ्या नणंदेला फिट्सच्या गोळ्या चालू आहेत, तिलाही बाळ हवंय. तिने गोळ्या बंद कराव्यात का?

निशिगंध

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते तातडीचं आहे. फिट्सच्या गोळ्या स्वतःहून अजिबात बंद करायच्या नाहीत. गरोदरपणात मोठी फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. पण चान्स घेण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटणं अत्यंत गरजेचं आहे. व्हॅलप्रोएट चालू असेल तर स्पायना बायफिडाचा धोका शंभरात एक ते दोन इतका असतो, बाळाच्या बौद्धिक वाढीवरही परिणाम होतो, आणि फॉलिक अ‍ॅसिड वाढवून हा धोका पुसला जाईल यावर विसंबता येत नाही. औषध बदलायचं असेल तर ते महिनोन्‌महिने हळूहळू बदलावं लागतं. फेनिटॉइन चालू असेल तर आणखी एक गुंता: मोठ्या डोसातलं फॉलिक अ‍ॅसिड रक्तातलं फेनिटॉइन कमी करतं आणि आटोक्यात असलेल्या फिट्स परत येऊ शकतात. म्हणून तिचा ५ मिलिग्रॅमचा डोस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू व्हावा.

आणखी दोन औषधांची नावं ध्यानात असू द्या. मेथोट्रेक्झेट, जे संधिवातासाठी आणि सोरायसिससाठी देतात, ते फोलेटचं कामच अडवतं आणि गर्भाला घातक आहे. त्याच्याबरोबर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चालू असते, त्यामुळे "माझं तर चालूच आहे" असा गैरसमज होतो. त्या गोळीने मेथोट्रेक्झेट गरोदरपणात सुरक्षित होत नाही. ते किती आधी थांबवायचं हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी सांगायचं, तोवर गर्भनिरोधक चालू ठेवायचं. दुसरं ट्रायमेथोप्रिम, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी देतात. तेही फोलेटच्या आड येतं. जंतुसंसर्गासाठी औषध घेताना "दिवस राहिले असण्याची शक्यता आहे" एवढं सांगितलं तर डॉक्टर दुसरं देतात.

आता सातव्या आठवड्याचं. आजपासून ४०० मायक्रोग्रॅम सुरू करा आणि १२ आठवडे पूर्ण करा. न्यूरल ट्यूब तोवर बंद झालेली असते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बाळाच्या आणि वारेच्या वाढीला, आईच्या वाढत्या रक्ताला फोलेट लागतंच. आणि घाबरून पाच-सहा गोळ्या एकदम घेऊ नका, मागचं त्याने भरून निघत नाही. आधी गोळी न घेतलेल्या बहुतेक स्त्रियांची बाळं या दोषाशिवायच जन्मतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की गोळी उशिरा सुरू झाली, म्हणजे ११ ते १४ आठवड्यांच्या आणि १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत डोकं आणि पाठीचा कणा मुद्दाम नीट पाहिला जाईल.

मोरपीस

उलट्या इतक्या आहेत की सकाळची गोळी पोटात राहत नाही.

गोळीपेटी

मग सकाळचा आग्रह सोडा. दिवसातल्या ज्या वेळी मळमळ सगळ्यात कमी असते तेव्हा घ्या, बऱ्याच जणींना रात्री झोपताना जमतं. लोह एकत्र असलेली गोळी असेल तर मळमळ आणि बद्धकोष्ठ बहुतेक लोहामुळे होतात. डॉक्टरांना विचारून काही आठवडे नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या छोट्या गोळीवर या, लोह नंतर जोडता येतं. गिळल्यावर लगेच उलटी होऊन अख्खी गोळी बाहेर पडलेली दिसली तर थोड्या वेळाने दुसरी घ्यायला हरकत नाही. तास-दोन तासांनी झालेल्या उलटीसाठी परत घ्यायची गरज नाही. पाणीही ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल तर गोळीचा विचार बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा.

पालवी

शेवटचं एक. १२ आठवड्यांनंतर गोळी थांबवायची की चालू ठेवायची?

निशिगंध

न्यूरल ट्यूबसाठी तिचं काम तोवर झालेलं असतं, पण बंद करण्याचं काही कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस संपूर्ण गरोदरपणात रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड अशी आहे, त्यामुळे पुढे लोहाच्या एकत्र गोळीतूनच ते मिळत राहतं. ५ मिलिग्रॅम चालू असेल तर १२ आठवड्यांनंतर डोस उतरवतात. सिकल सेल असलेल्यांना मोठा डोस बहुधा शेवटपर्यंत ठेवतात.

बाळंतपणानंतर अंगावर पाजतानाही गरज जास्तच असते, हिरवी_परडी यांच्या मापाने ५००. दोन बाळंतपणांत अंतर कमी असेल किंवा गर्भपात झाला असेल तर साठा खाली गेलेला असू शकतो. पुन्हा चान्स घ्यायचा विचार पक्का व्हायची वाट न बघता ४००ची गोळी तशीच चालू ठेवा. पाजत असताना पाळी परत यायच्या आधीही दिवस राहू शकतात, आणि तेव्हा ते कळायला आणखी उशीर होतो.